कोयत्याचं पाणी

त्रिंबक मुकादमानं पोतं उलटं केलं आणि अकरा कोयते म्हाळू लोहाराच्या ऐरणीपुढं खणाखणा पडले. एकाचीही धार सलग नव्हती. कुणाचे दोन दात पडलेले, कुणाचे चार, आणि एकाचं तर टोकाकडचं बोटभर पातंच गेलेलं. प्रत्येकाच्या मानेवर म्हाळूची खूण होती, तीन टिंबं आणि खाली आडवी रेघ. पाटोद्याच्या बाजारात ही खूण न ओळखणारा ऊसतोड्या शोधून सापडला नसता.

"तुझेच हायेत नव्हं?" मुकादमानं विचारलं.

म्हाळूनं एक कोयता उचलला. तुटल्या जागेवरून अंगठा फिरवला, बारीक रक्त आलं ते धोतराला पुसलं.

"माझेच हायेत."

"बाया फडात उभ्या, आन् तुझा कोयता काचंवानी फुटतोय. शिवकन्ये, दाव त्याला."

शिवकन्या म्हणजे टोळीतली तोडणीला सगळ्यात चपळ बाई. ती मुकादमाच्या मागं उभी होती. तिनं साडी घोट्याच्या वर उचलली. नडगीवर चार बोटं लांब, पांढरा पडलेला व्रण होता. चार शिव्या दिल्या असत्या तर म्हाळूला बरं वाटलं असतं.

"दसरा झाला की गाड्या निघत्यात," मुकादम म्हणाला. "चाळीस कोयते लागतेत मला. स्टँडापुढच्या दुकानात मशीनचे आलेत, पिवळ्या मुठीचे. पुढल्या बाजारी तेच उचलणार हुतो. पर तुझ्या बापानं माझ्या बापाला कोयते दिलेत म्हून आठ दिस थांबतो. न फुटणारा कोयता घिऊन ये, न्हाईतर पुन्यांदा मला हाक मारू नको."

तो गेला. मागं चार माणसं उगीच रेंगाळली, फुटके कोयते पायानं हलवून बघून गेली. बघ्यांचं काय जातंय?

म्हाळूची बायको साखराबाई एवढा वेळ घणाच्या दांड्यावर हनुवटी टेकून उभी होती. ती पुढं आली आणि एकेक कोयता उचलून पोत्यात भरू लागली. फुटक्या भांड्यासारखे ते लोकांपुढं पडलेले तिला बघवत नव्हते.

घिसाडी लोहारांवरून 'घिसाडघाई' हा शब्द ज्यानं कुणी काढला त्यानं म्हाळूला काम करताना बघितलं नसणार. त्याच्या घरी घाई कशालाच नव्हती. ट्रकच्या कमानपट्ट्याचा तुकडा भट्टीत तापवायचा, ऐरणीवर धरायचा, साखराबाईनं घणाचे घाव घालायचे, म्हाळूनं लहान हातोडीनं जागा दाखवायची. हातोडी जिथं टिचकी मारील तिथं घण पडायचा. तीस वर्षांत घण एकदाही चुकीच्या जागी पडला नव्हता आणि म्हाळूनंही कधी 'वा' म्हटलं नव्हतं. कोयता आकाराला आला, कानस मारून झाली, की शेवटी पाणी द्यायचं. तिथं मात्र बाईचं काम संपायचं.

पाणी देणं म्हणजे सगळ्या कोयत्याचा जीव. लालबुंद कोयत्याची धार पाण्यात बुडवायची, काढायची, विटेच्या तुकड्यानं घासून उजळ करायची. मग पाठीतली ऊब हळूहळू धारेकडं सरकते आणि लोखंडावर रंग चढत येतात. आधी कडबा, मग गूळ, मग वांगं, आणि शेवटी मोर. धारेवर वांग्याचा रंग आला की त्याच घडीला कोयता पुन्हा पाण्यात. गुळावरच बुडवला तर धार फुटते, मोरावर गेला तर धार वाकते. हा खेळ सगळा पाचसहा श्वासांचा.

आणि या घरात रिवाज असा, की रंग बाप्यानं बघायचा. घण टेकवून बाईनं तोंड फिरवायचं. साखराबाई लग्न होऊन आली तेव्हा सासऱ्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "घण तुजा, रंग त्याचा." ती तीस वर्षं तोंड फिरवून उभी राहिली. आणि खरं सांगायचं तर तीस वर्षं तिरप्या नजरेनं बघत राहिली. एवढ्या जवळ उभं राहून न बघणारी बाई अजून जन्माला यायची आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळीच म्हाळू मैनुद्दीनच्या गॅरेजवर जाऊन धडकला. मैनुद्दीन जीप-ट्रक दुरुस्त करायचा आणि त्याच्याकडूनच म्हाळूला जुने कमानपट्टे मिळायचे. भट्टीचा पंखासुद्धा त्यानंच जीपच्या बॅटरीवर बसवून दिला होता.

"मैनुद्दीनभाई, तू मला भेसळ लोखंड देतोयास."

मैनुद्दीन गाडीखाली होता. तो तसाच पाठीवर सरकत बाहेर आला. "म्हाळूभाऊ, पट्टा कंपनीचा हाय, मी काय घरी दळून आणतो का?" त्यानं कपाटावरून मटण कापायचा सुरा काढला. "ह्यो घे. तीन वर्साखाली तूच केलास, ह्याच ट्रकच्या पट्ट्याचा. बकऱ्या ईदला दरसाली हाडं तोडतोय. एक दात पडला असंल तर दाखव."

सुऱ्याची धार आरशासारखी होती. म्हाळूनं तो उजेडात धरून उलटसुलट बघितला आणि परत दिला.

लोखंड नाही तर मग पाणी. विहिरीला औंदा क्षार वाढलेत, असं त्यानं ठरवून टाकलं. नदीचं पाणी आणलं, त्यात एक कोयता बुडवला, ऐरणीच्या कडेवर हलकेच मारला. टिक्. दात पडला. मिठाचं पाणी केलं. टिक्. मग कुणीतरी म्हणालं, कपिलधारच्या धबधब्याचं पाणी लोखंडाला मानवतं. म्हाळू एस.टी.नं बीडकडं गेला, भाविकांच्या रांगेतून पाच लिटरचा कॅन भरून घेतला आणि दिवस मावळायला परत आला. रस्ताभर कॅन मांडीवर धरून बसला होता. सकाळी देवाचं नाव घेऊन कोयता त्या पाण्यात बुडवला. टिक्.

"देवाच्या पाण्यानं बी न्हाई ऐकलं," तो म्हणाला आणि तुकडा लांब फेकून दिला.

साखराबाईला एक गोष्ट गेलं वर्षभर दिसत होती. म्हाळू वांग्याची वाट बघत नव्हता. गूळ चढला की कोयता पाण्यात. पहिल्यांदा दिसलं तेव्हा तिला वाटलं, असेल काही नवीन रीत. गेल्या साली श्रावणात त्याच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले होते. शिबिरातून आला तो पोरासारखा खूश होऊन आला होता. बाभळीची पानं मोजत बसायचा. नव्या डोळ्यांना आपल्यापेक्षा जास्त कळत असेल, असं म्हणून ती गप्प राहिली. आणि रंगाबद्दल बाईनं बोलायचं नसतं, हेही होतंच.

घट बसले त्या दिवशी तिनं ट्रंकेतली ठेवणीतली साडी काढून नेसली. म्हाळू भाकरी खात होता, तो थांबला.

"ही वांगी साडी कुणी दिली गं? लई झ्याक हाय."

साखराबाई वळून बघत राहिली. "तुमीच आणलती. तीन वर्सं झाली, दिवाळीला."

"मी? मी गुळाच्या रंगाची आणलती."

"हीच ती. तुमीच म्हणलावता, घे, गुळाच्या रंगाची हाय. मी म्हणलं आसंल, तुमास्नी तसं दिसतंय तर तसं."

म्हाळू हसला आणि पुन्हा भाकरीकडं वळला. साखराबाईला मात्र बसावंसं वाटेना. ती शेडच्या दारात जाऊन उभी राहिली. तिच्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. डोळ्यांवर पडदा होता तेव्हा या माणसाला वांगं गुळासारखं दिसायचं. कोयता फुटू नये म्हणून त्याच्या हातानं त्याच गुळावर बुडवायची सवय लावून घेतली, त्याला स्वतःलाही न कळता. मग डोळे आले. गूळ गुळासारखा दिसायला लागला. हात मात्र जुन्याच सवयीनं गूळ दिसला की बुडवतो.

ती आत आली. "अवो, तुमचं डोळं बरं झालं, पर हात आजारीच ऱ्हायला."

तिनं सगळं सांगितलं. आपण तीस वर्षं चोरून बघत होतो, हेही त्यात सांगावं लागलं.

म्हाळूच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "तू रंग बगतीस?"

"बगते."

"बापानं तुला काय सांगितलं हुतं?"

"मामंजींनी सांगितलं ते ध्यानात हाय माज्या. शिवकन्येची नडगी बी ध्यानात हाय. वरीसभर मी बोलले न्हाई, ते माजं पाप. आता बोलते. मारायचं आसंल तर मारा."

त्यानं आयुष्यात तिच्यावर हात टाकला नव्हता. तो उठला, पटका डोक्याला गुंडाळला आणि भट्टी पेटवली. आज वांग्यावरच बुडवायचं, बघू कसं जमत नाही ते. पहिल्या कोयत्याला त्यानं मनाशी घोकत हात आवरून धरला, धरला, आणि वांगं निघून गेलं. मोर आला. ऐरणीवर मारल्यावर धार पोळीच्या कडेसारखी वळली. दुसऱ्या कोयत्याला हात पुन्हा आधीच पडला. टिक्. दुपारपर्यंत चार वाया गेले. घाम त्याच्या डोळ्यांत उतरत होता आणि तो पटक्याच्या टोकानं पुन्हापुन्हा पुसत होता. इतक्या वर्षांची हाताची खोड चार दिवसांत मोडत नाही, हे लोखंडाबरोबर आयुष्य काढलेल्या माणसाला कुणी सांगायला नको होतं. तो ऐरणीवर बसला. लोहार ऐरणीवर कधी बसत नाही.

"माज्यानं न्हाई व्हायचं ह्या आठवड्यात," तो म्हणाला.

साखराबाईनं पाण्याचा तांब्या दिला. तो प्यायला. बराच वेळ रस्त्यानं जाणारे टमटम बघत बसला. मग सांडशी उचलून त्यानं तिच्यापुढं धरली.

"ताडपत्री खाली सोड आधी," तो पुटपुटला. "रस्त्यावरून दिसतंय."

ताडपत्रीच्या आड त्या दोघांनी चार दिवस काम केलं. म्हाळूनं घण हातात घेतला आणि पहिल्याच तासात त्याला कळलं की आपण इतकी वर्षं सोपं काम करत होतो. घण आठ किलोचा. शंभर घावांनंतर त्याचे खांदे भरून आले, संध्याकाळी तळहाताला फोड आले, सकाळी ते फुटले. साखराबाई हळद-तेल लावून द्यायची आणि हसू दाबायची.

"कंबर वापरा, अवो. नुसत्या हातानं कोण घण मारतंय?"

"तीस वर्सं सांगितलं न्हाईस कधी."

"तुमी इचारलं कवा?"

पहिल्या कोयत्याला तिच्याकडूनही मोर झाला. सांडशी धरून रंग बघणं आणि लांबून बघणं यात फरक असतो. दुसऱ्याला तिनं श्वास रोखला. कडबा आला. गूळ आला. म्हाळूचा हात तिथल्या तिथं उडाला, सांडशी त्याच्या हातात नसतानासुद्धा. ती थांबली. गुळाच्या कडेनं जांभळी झाक धारेवर उतरली आणि तिनं कोयता पाण्यात घातला. वाफ तोंडावर आली. ऐरणीच्या कडेवर मारला, तेव्हा कोयता नुसता वाजला. म्हाळूनं तिच्या हातातून घेऊन अजून तीनदा मारला, चांगला जोर लावून. दात पडला नाही, धार वळली नाही. त्यानं कोयता कपाळाला लावला. मग तो खाली ठेवायचंच विसरला आणि हातात घेऊन बाहेर फिरून आला.

बाजाराच्या दिवशी त्यांनी चिंचेखाली नेहमीच्या जागी ऐरण रोवली. पुढं पोत्यावर तीन कोयते मांडले. म्हाळूनं सांडशी आपल्या हाताशी ठेवली होती आणि घण साखराबाईजवळ. तीन कोयते विकून दाखवायचे, बाकीचे ताडपत्रीआड करायचे, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. जगाला काय करायचंय घरातलं?

मुकादम आला. टोळीच्या बायाही आल्या. एका बाईच्या हातात दुकानातला पिवळ्या मुठीचा कोयता होता. मुकादमानं म्हाळूचा कोयता बाभळीच्या ओंडक्यावर मारला, धार बघितली, मान हलवली. "बरा वाटतोय."

"बरा आसंल," शिवकन्या म्हणाली. "गेल्या साली बी पयले दोन बरेच हुते. बाकीचे फुटले. माज्या डोळ्यांपुढं एक करून दावा, इथंच. मंग मी हातात धरीन."

आजूबाजूला माणसं जमायला लागली. कांदे घेतलेली, बांगड्या भरून आलेली, सगळी तिथंच थबकली. म्हाळूनं भट्टीकडं बघितलं, मग साखराबाईकडं. तिनं आपला घणाच्या दांड्यावर हात ठेवला, रोजच्यासारखा. तो म्हणेल तसं, असं तिनं ठरवलेलं होतं, आणि तो चुकीचं म्हणाला असता तरी लोकांपुढं ती त्याला खाली पाडणार नव्हती.

त्यानं सांडशी उचलली. निखाऱ्यात पट्टा घातला, लाल केला, ऐरणीवर आणला. आणि तिथं थांबला. शिवकन्या अगदी समोर उभी होती. साडीखाली तो पांढरा व्रण त्याला दिसत नव्हता, पण कुठं आहे ते माहीत होतं.

"धर," त्यानं सांडशी बायकोच्या हातात दिली, आणि घण स्वतः उचलला.

गर्दीत खसखस पिकली. पटकेवाला एक म्हातारा पुढं आला. "म्हाळू, उलटं झालं की रं. बाई सांडशीला आन् बाप्या घणाला?"

"तात्या, माज्या डोळ्यांत नवी भिंगं हायेत," म्हाळू म्हणाला. आवाज जरा मोठाच निघाला. "रंग माज्या हाताला अजून गावंना. गेल्या सालचे कोयते त्याच्यानंच फुटले. लोखंडात खोट नव्हती, पाण्यात नव्हती, माज्या हातात हुती. हिचे डोळे पक्के हायेत. ही पाणी देती."

हसणारे हसायचे थांबले. कुणीतरी म्हणालं, "बगू तर द्या." साखराबाईनं हातोडी घेतली आणि टिचकी मारली. घण पडला. पुन्हा टिचकी, पुन्हा घण. म्हाळू कंबरेतून मारत होता. दोनचार घाव तिरके गेले, तिनं टिचकीनं जागा पुन्हा दाखवली. चपटा पट्टा लांबत गेला, टोक वळलं, मान निघाली. कानशीनं तिनं धार काढली. कोयता पुन्हा भट्टीत गेला, लाल होऊन बाहेर आला, धार पाण्यात बुडाली, विटेनं घासली गेली. म्हाळूनं घण टेकवला आणि रिवाजाप्रमाणं तोंड फिरवलं. ते बघून बायांत हशा उसळला, पण चांगला, मायेचा.

साखराबाईला तो ऐकू आला नाही. कडबा आला. गूळ आला. गर्दीतल्या कुण्या जाणत्यानं "बुडीव, बुडीव" म्हटलं. ती हलली नाही. वांगं उतरलं, अगदी धारेच्या काठाला येऊन टेकलं, आणि तिनं कोयता पाण्यात घातला.

मूठ ठोकून झाल्यावर शिवकन्येनं तो हातात घेतला, तोलून बघितला. बाभळीच्या ओंडक्यावर एक वाळलेली गाठ होती. तिनं साडीचा पदर खोचला आणि त्या गाठीवर घाव घालायला सुरुवात केली. बाया मोजू लागल्या. दहा, वीस, तीस. ढलप्या उडून माणसं मागं सरकली. पन्नासाव्या घावाला गाठ फुटून ओंडका उकलला. मग तिनं पिवळ्या मुठीचा घेतला आणि ओंडक्याच्या दुसऱ्या गाठीवर बारा घाव घातले. तेराव्याला त्याची धार वळली. तो तिनं खाली टाकला.

साखराबाईच्या कोयत्यावरून तिनं अंगठा फिरवला, मानेपासून टोकापर्यंत. एकदा इकडून, एकदा तिकडून. मग कोयता कमरेला खोवला.

"ह्यो माजा," ती म्हणाली. "ह्याला आता कुणी हात लावू नगा."

बायांची एकदम झुंबड उडाली. पोत्यावरचे तीन कोयते तीन हातांनी उचलले, चौथी भांडायला लागली. साखराबाईला काय करावं कळेना. तिनं चेहरा पदरानं पुसला, तिथं काजळी लागली, आणि ती हसली. आपण किती वर्षांनी अशी दात दिसेपर्यंत हसतोय, असं तिला मध्येच वाटलं आणि ती अजूनच हसली.

मुकादम बायांना बाजूला सारत पुढं आला. "म्हाळू, जमलं गड्या. चाळीस कर. दसऱ्याच्या आदी पायजेत. व्हतील का?"

म्हाळूनं घणाच्या दांड्यावर हनुवटी टेकवली. "मला कावून इचारता, मुकादम? कारागीर तिकडं हाय."

त्रिंबक मुकादम वळला. उभ्या जन्मात त्यानं लोहाराच्या बायकोला काही विचारलं नव्हतं. त्यानं घसा साफ केला.

"साखराबाई, चाळीस व्हतील का?"

साखराबाईनं भट्टीकडं बघितलं, पट्ट्यांच्या ढिगाकडं बघितलं, आणि नवऱ्याच्या फोडांनी भरलेल्या हातांकडं सगळ्यात जास्त वेळ बघितलं.

"साठ व्हतील," ती म्हणाली. "फकस्त घणवाल्यानं दमायचं न्हाई."

म्हाळूनं डोक्यावरचा पटका काढून ऐरणीच्या खुंटाला अडकवला, तळहातावर थुंकला आणि घण उचलला.